गोड पाण्याची बादली

"फोडा! ज्याच्या मनगटात जोर असेल त्यानं पुढं यावं आणि फोडून दाखवावी!"

बाबांच्या मजारीच्या पायरीवर उभा राहून सोलिह एशान, तिथला पीर, ओरडत होता आणि खाली अंगणात सगळं गाव टाचा उंचावून बघत होतं. लोहाराच्या हातात घण होता. त्यानं दगडावर ठेवलेल्या सिमेंटच्या विटेवर एक घाव घातला, दुसरा घातला, तिसऱ्याला त्याच्या तोंडून हुंकार निघाला. विटेचा एक टवका उडाला, बस्स. लोहार घाम पुसत मागं सरला.

"आता ही दुसरी," एशान म्हणाला. घण नको, काही नको. त्यानं दुसरी वीट तळहातावर घेतली, दोन बोटांनी दाबली आणि शिळ्या हलव्यासारखी तिची भुकटी लोकांच्या डोळ्यांदेखत खाली सांडली.

गर्दीतून एकच आवाज उठला. बायका रडायला लागल्या. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून छातीशी धरली.

"फरक काय हो दोघींत?" एशाननं विचारलं. "सिमेंट एका पोत्यातलं. वाळू एका नदीची. साच्यात कुणाच्या समोर घातल्या? तुमच्याच. खोलीची किल्ली कुणापाशी होती?"

"माझ्यापाशी!" सारिमसोक-ओता म्हणाले. ते मोहल्ल्याचे वडीलधारे, त्यामुळं त्यांच्या शब्दावर कुणी बोट ठेवत नसे.

"मग फरक एवढाच, की एकीत बाबांच्या बरकतीची, तुसाची राख आहे आणि दुसरीत नाही! अहो, त्या बिचारीला तर मी दुवा केलेलं गोड पाणीही पाजलं होतं. तुम्हीच बघितलंत. राखेला गोड सोसत नाही, म्हणून राखेच्या विटेला नुसतं नदीचं पाणी. बिनराखेचीला सरबत! तरी काय झालं? लाड करून पोर पैलवान होतं का?"

लोक हसले. एशानला लोकांना हसवायचं कसं आणि रडवायचं कसं, दोन्ही चांगलं ठाऊक होतं.

"मी कोण? मी एक पापी गाडीवान! उत्तरेकडं काँक्रीटची गाडी हाकत होतो, तोंडात शिवी, बोटांत सिगारेट. एका दुपारी झोपेत बाबांनी माझा कान धरला. म्हणाले, सोलिह, ऊठ, दक्षिणेला जा, तिथं भाताच्या तुसात मी बरकत ठेवलीय आणि ते खुळे ती उकिरड्यावर टाकतायत!"

हे मात्र खरं होतं. उझगेन शहराजवळचं हे गाव लाल तांदळाचं. प्रत्येक गिरणीच्या मागं तुसाचा डोंगर, वारा सुटला की डोळ्यांत, पिठात, नानच्या पापुद्र्यात तूस. त्याकडं कुणी ढुंकून बघत नव्हतं. आता लोक पोत्यांनी तूस मजारीवर आणत होते. एशान ते मागच्या भट्टीत जाळायचा, दुवा पुटपुटायचा आणि नजराणा घेऊन राख परत द्यायचा. आंधळं दळत होतं नि कुत्रं पीठ खात होतं.

मग एशानचा आवाज खाली आला. "आणि ज्यांना अजून शंका आहे, त्यांनी तुर्गुनच्या दाराकडं बघावं."

सगळ्या माना वळल्या. गर्दीच्या कडेला तुर्गुनची बायको मस्तुरा उभी होती. तिनं ओढणी तोंडापर्यंत ओढली.

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या होसियतला वाटलं, आत्ता पायरी चढावी आणि या माणसाच्या थोबाडीत द्यावी. होसियत मस्तुराची थोरली बहीण. गावच्या शाळेत रसायन शिकवायची, सगळे तिला मुअल्लिमा म्हणायचे.

तुर्गुन आणि मस्तुरानं वसंतात नवीन खोली बांधली. बांधकामाला हशर ठरला, म्हणजे शेजारपाजारच्यांनी येऊन हातभार लावायचा आणि संध्याकाळी पलाव खाऊन घरी जायचं. राख घ्यायची की नाही यावर घरात वाद झाला. होसियत म्हणाली होती, "कशाला त्या बुवाच्या नादी लागता? साऱ्या दुनियेत सिमेंट, वाळू, खडी नि पाण्यावर इमारती उभ्या राहतात. तुमचीच तेवढी पडणार आहे का?" तुर्गुननं मेहुणीचं ऐकलं. राख घेतली नाही.

आणि दारावरचं लिंटल, चौकटीवरची काँक्रीटची तुळई, पडलं. आधाराच्या फळ्या नेहमीच्या बेतानं काढल्या होत्या, वरून ते कोरडं, कडक दिसत होतं, वर विटांचे थरही चढले होते. एल्योर, मस्तुराचा धाकटा, नव्या दारातून पळत आत जात होता. उन्हाळ्यानंतर तो तिसरीत जायचा होता.

"पोराच्या चाळिसाव्या दिवशी," एशान म्हणाला, "ही माय गावासमोर उभी राहील. आपल्या शंकेनं आपलं लेकरू खाल्लं, हे आपल्या तोंडानं कबूल करेल. मग बाबा तिला माफ करतील आणि त्या घराला राख मिळेल."

मस्तुराच्या सासूनं घरी आणखी स्पष्ट सांगून टाकलं होतं. कबूल केलं नाहीस तर चाळिसाव्यानंतर माहेरी जायचं. तुझी थोरली मुलगी इथंच राहील.

*

"मी कबूल करणार आहे, आपा," मस्तुरा म्हणाली. दोघी विहिरीपाशी बसल्या होत्या. घरात तुर्गुन होता, पण तो बायकोशी बोलत नव्हता आणि होसियतकडं तर बघतही नव्हता.

"काय कबूल करणार? तू काय केलंस?"

"माझ्या मनात शंका होती."

"शंकेनं लिंटल पडत नाही, मस्तुरा! शंकेला वजन असतं का?"

"मग कशानं पडलं?"

तेच होसियतला कळत नव्हतं, आणि हेच तिचं खरं दुखणं होतं. राख खोटी आहे असं तिला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. पण राख खोटी नव्हती. तूस नीट जाळलं, काळं न ठेवता करडं होईपर्यंत जाळलं, की त्या राखेत जे उरतं ते सिमेंटमधल्या चुन्याला धरतं आणि माल आणखी घट्ट होतो. तिच्या पुस्तकांत ते होतं. जुने लोक हमामाच्या भिंतींना चुन्यात बोरूची राख घालत, त्या भिंतींना अजून पाणी लागत नाही. मजारीतला बाबा स्वप्नात आला नसता तरी हे असंच घडलं असतं. पण राख नाही म्हणून सिमेंट धरलंच नाही, असं कुठं झालंय? राख घालून जास्त मजबूत, न घालता नेहमीसारखं. भुकटी कशी होईल?

"बोल ना, आपा." मस्तुरा म्हणाली. "तूच सांगितलंस ना राख नको म्हणून? आता सांग की!"

"सांगेन," होसियत म्हणाली. "चाळिसाव्याच्या आत सांगेन."

मस्तुरानं विहिरीपाशची कळशी हातानं दूर सारली. मग ती उठून आत गेली.

लिंटलचा ढिगारा तुर्गुननं अंगणाच्या कोपऱ्यात लोटून ठेवला होता. त्याच्याकडं बघायची कुणाची हिंमत नव्हती. होसियत तिथं उकिडवी बसली. सळ्यांना चिकटलेला एक डिखळा तिनं सोडवला. वरचा पापुद्रा कडक होता, आत बोट घातलं तर आतलं सगळं भसाभसा गळलं, विटेसारखंच. ओंजळभर भुकटी तिनं रुमालात बांधली. या भुकटीखाली तिचा भाचा गेला होता, आणि ती त्यात काहीतरी शोधत होती. तिला स्वतःची किळस आली. पण रुमाल तिनं सोडला नाही.

घरी येऊन तिनं ती भुकटी कोमट पाण्यात भिजवली आणि बशी खिडकीत ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी शाळेतून येते तो बशीला मुंग्यांची रांग लागलेली. तिनं बशी नाकाशी नेली. अगदी पुसट, पण वास ओळखीचा होता. गुरांच्या पेंडीच्या दुकानाबाहेर येतो तो, मळीचा. बीट गाळून साखर काढली की उरते ती काळी, चिकट मळी. इकडं ती गुरांना घालतात.

होसियत तशीच पेंडवाल्याकडं गेली.

"मळी कोण कोण नेतं हो?"

"गाईवाले नेतात, आणखी कोण? आणि मजारीवर जाते. एशानकडं महिन्याला पिंप."

"त्यांच्याकडं गाई किती?"

पेंडवाला विचारात पडला. मग म्हणाला, "गाय नाही त्यांच्याकडं. शेळीही नाही." आणि त्यानं मळीच्या पिंपाकडं वळून बघितलं.

परतताना होसियतला वाटेतच थांबावं लागलं. अगं बाई, बुवानं तर काही लपवलंच नव्हतं! सगळ्या गावासमोर त्यानं एका विटेत राख घातली होती आणि दुसरीत सरबत ओतलं होतं. फरक एक नव्हता, दोन होते. आणि शेकडो माणसांनी, तिच्यासकट, दोन्ही डोळ्यांनी बघून एकच मोजला होता. वर्गात ती पोरांना ओरडून ओरडून सांगायची, एका वेळी एकच गोष्ट बदला! स्वतः मात्र मागं उभी राहून नुसती चरफडत होती.

काँक्रीटचे गाडीवान गाडीत साखर ठेवतात. घाटात गाडी बंद पडली आणि माल आतच धरायला लागला, तर ओततात, मग तो धरत नाही. चिमूटभर असेल तर उशीर होतो, जास्त असेल तर माल कायमचा मेला. सिमेंटच्या कणांवर साखर बसते आणि पाण्याला पोचूच देत नाही. सोलिह गाडीवानाला हे शिकवायला बाबांची गरज नव्हती.

आता घाई करून चालणार नव्हतं. ती सारिमसोक-ओतांकडं गेली.

"ओता, त्याच्या विटांची किल्ली तुम्ही सांभाळलीत. माझ्या चहाच्या चार पियाल्या सांभाळाल?"

म्हाताऱ्यानं भुवया वर केल्या. "मुअल्लिमा, तूही आता चमत्कार करायला लागलीस की काय?"

"छे हो. चमत्कार करणाऱ्याला दुसऱ्याची नजर नको असते. मला हवी आहे. तुमच्याच हातानं कालवा."

ओतांनी स्वतः माल कालवला. पहिल्या पियालीत नुसतं सिमेंट, वाळू, पाणी. दुसरीत त्यावर राख, एशानचीच, ओतांच्या सुनेनं नजराणा देऊन आणलेली. तिसरीत राख नाही, पण मळीचं पाणी. चौथीत राखही आणि मळीचं पाणीही. ओतांनी चारही आपल्या कपाटात ठेवल्या आणि किल्ली गळ्यात अडकवली.

*

चाळिसाव्याला तुर्गुनच्या अंगणात द्राक्षाच्या मांडवाखाली चटया पसरल्या होत्या. कढईत पलाव शिजत होता. कुराण वाचून झालं. मग एशाननं तोंडावरून हात फिरवले आणि मस्तुराला हाक मारली. त्याच्या बाजूला त्याचा मुरीद, म्हणजे चेला, कोबिल बादली घेऊन बसला होता. आणखी दोन घरांचे हशर ठरलेले, त्यांना गोड पाणी द्यायचं होतं.

मस्तुरा ओसरीच्या कडेपर्यंत आली. सासूनं मागून तिच्या पाठीला हात लावला.

"बोल पोरी," एशान मऊ आवाजात म्हणाला. "मनावरचं ओझं उतरव. म्हण, माझ्या शंकेनं..."

"थांबा," होसियत म्हणाली आणि पुरुषांच्या चटईवर येऊन उभी राहिली.

कुजबूज उठली. एक तरणा बाप्या म्हणाला, "मुअल्लिमा, ही बायकांची जागा नाही."

"खाली बस रे! तुला ऑक्सिजन म्हणजे काय ते तीनदा शिकवलं, तिन्ही वेळा नापास झालास." तो मुकाट्यानं खाली बसला. "ओता, आणा."

सारिमसोक-ओतांनी गळ्यातली किल्ली नातीकडं दिली. पियाल्या आल्या. होसियतनं लोहाराला बोलावलं.

पहिली पियाली उपडी केली. गोळा दगडासारखा बाहेर आला. घण दोनदा पडला तेव्हा कुठं तो दुभंगला.

"यात राख नाही," होसियत म्हणाली.

दुसरा गोळा चार घावांत फुटला. "यात राख आहे. राख चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. तुमच्या तुसाची आहे, ती कुणीही जाळू शकतो." मग तिनं तिसरी पियाली उपडी केली. ओली, काळपट भुकटी चटईवर पडली. "यात राख नाही, पण गोड पाणी आहे."

एशान हसला. "तेच तर मी म्हणतोय, बेटी! राख नाही म्हणून..."

"आता चौथी. यात तुमची राख आहे, हजरत. दुवा केलेली, नजराणा देऊन आणलेली. ओतांनी स्वतःच्या हातानं घातली. आणि गोड पाणीही आहे." तिनं पियाली उपडी केली. तशीच भुकटी पडली. "बाबांची बरकत कुठं गेली?"

लोहारानं खाली वाकून ती भुकटी बोटानं चाचपली.

"राखेनं घरं उभी राहत नव्हती," होसियत म्हणाली. "राख न घेणाऱ्यांची घरं हे पाडत होते. जो राख घेईल त्याला साधं पाणी, जो नाही म्हणेल त्याला फुकट सरबत! बघा त्या बादलीकडं."

सगळ्यांनी बघितलं. कोबिलच्या बादलीवर गांधीलमाशा घोंघावत होत्या. दोन आत पडून तडफडत होत्या.

"मळी आहे ती. काँक्रीटची गाडी हाकणाऱ्याला हे ठाऊक नसेल असं मला सांगू नका." होसियतचा आवाज चढला. "कोबिल, तू गेला होतास ना इथल्या हशराला? माझ्या बहिणीच्या लिंटलमध्ये हे कधी ओतलंस? कुणाच्या नकळत ओतलंस?"

कोबिल घाबरून उठला. तोंड पांढरंफटक. "मी नाही! मी कुणाच्या घरी चोरून ओतलं नाही! तुमची बहीण स्वतः आली होती मजारीवर, कळशी घेऊन. तिनं मागून नेलं!"

होसियतला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिनं मस्तुराकडं बघितलं. मस्तुराचा चेहरा बघताच तिला कळलं, आणि त्या क्षणी जगातलं सगळं रसायन देऊन टाकून, या चार पियाल्या विहिरीत फेकून देऊन, तिनं तोंड मिटलं असतं. शंकेनं लेकरू गेलं, हे तरी मस्तुरा कशीबशी सोसत होती.

मस्तुरा ओसरीवरून खाली उतरली. मांडवाखाली आली आणि पडलेली भुकटी तिनं चिमटीत घेतली.

"मीच नेलं," ती म्हणाली. "आपा म्हणाली राख नको, म्हणून राख नाही घेतली. पण भीती वाटत होती. म्हटलं, एशानांनाही दुखवायला नको. एशान म्हणाले, राख नको तर राहिलं, निदान गोड पाणी तरी घाल, घराचं नशीब गोड होईल. आपल्यात घालतातच की. आईनं नव्हतं का घातलं, मातीच्या भिंतीत, मूठभर नवोत, ती खडीसाखर?" तिनं तुर्गुनकडं बघितलं. "तुम्ही खडी आणायला गेला होता. मी दाराच्या मालात ओतलं. मुलांच्या खोलीचं दार म्हणून जरा जास्तच ओतलं."

तुर्गुनच्या घशातून एक आवाज निघाला. तो चटईवर पुढं झुकला आणि तसाच राहिला.

"मातीला काही होत नाही गोडानं," मस्तुरा म्हणाली, जणू हे तिला आत्ताच समजत होतं. मग ती एशानकडं वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"बेटी, लिहिलेलं कुणाला टळत नाही..."

"लिहिलेलं नको. तुम्ही गाडी हाकत होता. हे ओतल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?"

एशाननं सारिमसोक-ओतांकडं बघितलं, लोहाराकडं बघितलं, मग आपल्या चोपानचा, त्या लांब अंगरख्याचा, पट्टा नीट केला. तो उठायला लागला.

कुणीतरी त्याच्या अंगावर धावून गेलं, ओतांनी मध्ये काठी घातली. पोलीस आले, त्याला घेऊन गेले. पुढं कज्जा चालू आहे. लोकांना गोड पाणी देणं कोणत्या कलमात बसतं यावर वकील अजून भांडतायत, आणि ऐकतो ते खरं असेल तर एशान तिकडंही कैद्यांना ताईत देतो. तो असा सहजी संपणारा प्राणी नव्हे.

पण त्या संध्याकाळी गावात कुणी पलाव खाल्ला नाही. जो तो आपापल्या घराकडं पळाला. ज्यांनी राखेला नाही म्हटलं होतं आणि मग हळूच गोड पाणी नेलं होतं, अशी बरीच घरं निघाली. एकमेकांपासून लपवून सगळ्यांनी तेच केलं होतं. दाराखाली टेकू लागले, लेकरांना अंगणात झोपवलं, सकाळी लिंटलं उतरवायला सुरुवात झाली. काही बोटानं उकरली तरी गळत होती.

होसियत मस्तुराजवळ बसून राहिली. ती म्हणाली, "तुझा दोष नाही गं. तुला काय ठाऊक!"

"आपा," मस्तुरा म्हणाली, "आता तूही एशानसारखं बोलू नको."

"म्हणजे?"

"मला बरं वाटावं म्हणून बोलू नको. त्यानं मारलं, ते खरं. पण ओतलं मी. आत काय आहे एवढं विचारलं असतं तर? एक शब्द होता. त्याला वाईट वाटेल म्हणून विचारला नाही."

होसियतनं बहिणीचा हात धरला आणि दोघी रडल्या.

मस्तुरा माहेरी गेली नाही. तुर्गुननं आईला सांगितलं की ती इथंच राहील, आणि तो पुन्हा तिच्याशी बोलायला लागला, थोडं थोडं. खोली परत बांधली, त्यात त्यांच्याच तुसाची राख घातली, होसियतनं मापून दिलेली, दुवा न करता. दार अजून उभं आहे.

हे सगळं मी सांगतोय ते एशान वाईट होता म्हणून नव्हे. एशान येतात नि जातात. राखेत खरा गुण होता आणि त्याच्या आडून खोटं विकलं गेलं, म्हणून सांगतोय. ज्याचं म्हणणं अर्धं खरं, त्याला दुप्पट प्रश्न विचारावेत. फरक किती आहेत ते मोजावेत. आणि देवाचं नाव घेऊन कुणी काही ओतायला दिलं, तर ओतण्याआधी त्यात काय आहे ते विचारावं. विचारल्यानं देव रागावत नाही, रागावतो तो विकणारा.

मस्तुरा आता गावातल्या प्रत्येक हशराला जाते. बोलावलं नसलं तरी जाते. कालवायच्या ढिगाशी उभी राहते आणि मोठ्यानं विचारते, "पाण्यात काय घातलंय?" परवा एका नव्या सुनेनं तोंड वाकडं केलं. म्हणाली, "मस्तुरा-आपा, शुभकार्यात असलं काय विचारता? लोक काय म्हणतील?"

"मलाही तेच वाटलं होतं," मस्तुरा म्हणाली. "सांग बाई, काय घातलंय?"